अडतीसने गुणताना

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. दुपारची पंगत होती. मसालेभात, मठ्ठा, बासुंदी असा नेहमीचा बेत. दुसऱ्या दिवशी पहाटे पोटात कळा सुरू झाल्या आणि पुढचा दीड दिवस मीठ-साखरेचे पाणी पीत मी घरात पडून होते. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली : लग्नाच्या जेवणातून ४० जणांना विषबाधा.

हे ४० म्हणजे सरकारी दवाखान्यात ज्यांची नावे लिहून घेतली गेली ते लोक. मी त्या चाळिसांत नव्हते. माझी आत्या नव्हती, तिची सून नव्हती, मुंबईला परत गेलेले मामेभाऊही नव्हते. सहज फोन करून चौकशी केली तर जवळजवळ प्रत्येक घरात एखाददुसरा आजारी. कुणी बासुंदीला दोष देत होते, कुणी पाण्याला. उरलेले अन्न केव्हाच फेकले गेले होते आणि भांडी घासूनपुसून परत गेली होती. मी जीवाणूंवर काम करणारी. पण शौचाचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा हे मलाही सुचले नाही!

मग खरे आजारी किती? ऐंशी? चारशे? आणि कोणत्या जीवाणूमुळे? हा प्रश्न एका लग्नाऐवजी अख्ख्या देशाबद्दल विचारला तर? अमेरिकेतल्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, तो विचारला आणि त्याची दोन प्रसिद्ध उत्तरे दिली. एक १९९९ साली, दुसरे २०११ साली. अन्नातून होणाऱ्या आजारांबद्दल कुठेही लिहिले गेले की यांपैकी एखादा आकडा येतोच. १९९९चा आकडा होता वर्षाला ७ कोटी ६० लाख आजारी. २०११चा होता ४ कोटी ८० लाख. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, बारा वर्षांत केवढी प्रगती झाली!

ती प्रगती नव्हती. मग काय होते, हे पाहण्यासाठी हे दोन शोधनिबंध जरा बारकाईने वाचायला हवेत. वर्गात आकडेवारी शिकवणाऱ्या प्रत्येकाला त्यांतून काहीतरी मिळेल असे वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी

जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लहान मुले रक्तमिश्रित जुलाबांनी आजारी पडू लागली. काहींची मूत्रपिंडे निकामी झाली. कारण निघाले ई. कोलाय ओ१५७ नावाचा जीवाणू. तो जॅक इन द बॉक्स या उपाहारगृहांच्या साखळीत विकल्या गेलेल्या, पुरेसे न शिजलेल्या हॅम्बर्गरांतून पसरला होता. चार राज्यांत मिळून ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली.

ही साथ वॉशिंग्टनमध्ये लवकर पकडली गेली, यामागे एक साधे कारण होते. त्या राज्यात १९८७ पासून या जीवाणूचा रुग्ण सापडला की आरोग्य खात्याला कळवणे बंधनकारक होते. म्हणून डॉक्टर त्याचा विचार करत होते आणि प्रयोगशाळा त्याला शोधत होत्या. शोधण्याची रीतही अवघड नाही. नेहमीच्या ई. कोलायपैकी बहुतेक सॉर्बिटॉल ही शर्करा आंबवतात, ओ१५७ ती सहसा लवकर आंबवत नाही. सॉर्बिटॉल घातलेल्या खास माध्यमावर नेहमीच्या जीवाणूंच्या वसाहती गुलाबी दिसतात, ओ१५७च्या रंगहीन. फक्त ते माध्यम हाताशी हवे आणि वापरायला हवे.

आता नेवाडा राज्यातल्या लास व्हेगास शहराकडे पाहा. तिथेही तीच हॅम्बर्गर विकली गेली होती. तिथेही लोक आजारी पडले. पण तिथल्या प्रयोगशाळा हे माध्यम वापरत नव्हत्या, त्यामुळे साथ आहे हेच कुणाला कळले नाही. वॉशिंग्टनची बातमी आल्यावर मागे वळून शोध घेतला गेला, तेव्हा ५८ रुग्ण सापडले. तोपर्यंत लास व्हेगासच्या दफ्तरात या साथीचा आकडा होता शून्य. हे शून्य आपण लक्षात ठेवू. लेखाच्या शेवटी त्याची गरज पडणार आहे.

या साथीने अमेरिकेला धक्का बसला. त्यानंतर दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. पल्सनेट ही प्रयोगशाळांची साखळी १९९६ साली सुरू झाली. वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंचे जनुकीय ठसे ती जुळवून पाहते. दुसरी व्यवस्था फूडनेट. तिचे काम १९९६ सालीच पाच ठिकाणी सुरू झाले; पुढे ती दहा राज्यांत, देशाच्या सुमारे १५ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचली. प्रयोगशाळांनी आपणहून कळवावे याची वाट न पाहता फूडनेटचे लोक स्वतः प्रयोगशाळांशी संपर्क ठेवून प्रत्येक निश्चित रुग्णाची नोंद घेतात. शिवाय फोनवरून सर्वसामान्य लोकांची पाहणीही केली जाई : गेल्या महिन्यात जुलाब झाले का? डॉक्टरकडे गेलात का? नमुना दिलात का?

या तीन प्रश्नांवरच पुढचे सगळे गणित उभे आहे.

उतरंड

जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. तळाला सर्वांत मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. रोगसर्वेक्षणाचे तसेच असते. तळाच्या मडक्यात सगळे आजारी. त्यांतले काहीच डॉक्टरकडे जातात. गेलेल्यांपैकी काहींनाच डॉक्टर नमुना द्यायला सांगतात. दिलेल्या नमुन्यांपैकी सगळ्यांची त्या विशिष्ट जीवाणूसाठी तपासणी होत नाही. तपासणी झाली तरी जीवाणू दर वेळी सापडतोच असे नाही. या सगळ्यांतून जो तरतो तो वरच्या लहानशा बोळक्यात, म्हणजे सरकारी नोंदीत पोहोचतो.

२०११च्या निबंधात साल्मोनेलासाठी या पायऱ्यांची मापे दिली आहेत. रक्त न पडणारे जुलाब असलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के डॉक्टरकडे जातात. गेलेल्यांपैकी १९ टक्के नमुना देतात. प्रयोगशाळेत ९७ टक्के नमुने साल्मोनेलासाठी तपासले जातात आणि तपासणीत जीवाणू पकडला जाण्याची शक्यता ७० टक्के. फळ्यावर मांडून पाहा : १०० रुग्णांपैकी १८, त्यांचे ३.४, मग ३.३ आणि शेवटी २.३. म्हणजे एका नोंदीमागे ४३ रुग्ण. जुलाबात रक्त दिसले की माणूस घाबरतो. ३५ टक्के डॉक्टरकडे जातात, त्यांतले ३६ टक्के नमुना देतात. तेव्हा एका नोंदीमागे सुमारे १२ रुग्ण. दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे प्रमाण धरून सांगड घातली की गुणक २९च्या आसपास येतो.

कल्पना साधी आणि सुंदर आहे. नोंदवलेला आकडा घ्या, उतरंडीचा गुणक लावा, तळाचे मडके किती मोठे ते कळते. प्रश्न गुणक कुठून आणता हा आहे.

१९९९ : सात सार्थ अंक

१९९९चा निबंध पॉल मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांच्या वेळी फूडनेट नुकतेच सुरू झाले होते, पायऱ्यांची ताजी मापे फारशी हाती नव्हती. म्हणून त्यांनी साल्मोनेलासाठी ३८ हा गुणक वापरला. तो १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातला, साल्मोनेलाविषयीच्या त्याहून जुन्या अभ्यासांतून निघालेला. मग हाच ३८ कॅम्पायलोबॅक्टर या वेगळ्या जीवाणूलाही लावला, कारण दोघांमुळे होणारे जुलाब साधारण एकसारखे. रक्तमिश्रित जुलाब घडवणाऱ्यांना २० लावला. लिस्टेरिया आणि बॉट्युलिझम यांच्यासारखे गंभीर आजार असले की माणूस रुग्णालयात पोहोचतोच, म्हणून त्यांना फक्त २.

आता हिशेब पाहा. साल्मोनेलाच्या वर्षाच्या नोंदी ३७,१७१. गुणिले ३८. उत्तर १४,१२,४९८. त्यांपैकी ९५ टक्के अन्नातून आले असे धरले तर १३,४१,८७३. निबंधाच्या कोष्टकात हा आकडा असाच छापलेला आहे, शेवटच्या ३ पर्यंत.

नववीच्या वर्गात एखाद्या मुलाने दोन सार्थ अंकांच्या मापाने गुणून सात सार्थ अंकांचे उत्तर लिहिले, तर आपण तांबड्या शाईने खूण करतो. ३८ हे माप होते तरी किती पक्के? त्याऐवजी ३५ घेतला असता तर एकूण रुग्ण झाले असते १३,००,९८५. ४२ घेतला असता तर १५,६१,१८२. गुणक जरासा इकडेतिकडे सरकवला की दोन लाख साठ हजार माणसे आजारी पडतात किंवा बरी होतात! अशा हिशेबात 'तेरा-चौदा लाख' हेच प्रामाणिक उत्तर. त्याहून प्रामाणिक उत्तर म्हणजे खालची आणि वरची मर्यादा सांगणे. १९९९च्या निबंधात मुख्य अंदाजांना अशा मर्यादा दिलेल्या नाहीत. माझ्या मते हा त्याचा पहिला दोष.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ७ कोटी ६० लाखांपैकी माहीत असलेल्या जंतूंमुळे आजारी पडलेले फक्त १ कोटी ४० लाख. उरलेल्या ६ कोटी २० लाखांचे कारण अज्ञात. मृत्यूंचेही तसेच : एकूण ५,००० पैकी १,८०० ज्ञात कारणांनी, ३,२०० अज्ञात कारणांनी. हे अज्ञात मोजले कसे? पाहण्यांवरून काढले की माणसाला वर्षाला सरासरी ०.७९ वेळा जुलाब-उलट्यांचा आजार होतो. त्याला लोकसंख्येने गुणले. ज्ञात जंतूंचे रुग्ण वजा केले. उरलेल्यांपैकी ३६ टक्के अन्नातून आले असे धरले, कारण ज्ञात जंतूंच्या बाबतीत ते प्रमाण ३६ टक्के निघाले होते. ज्याचे नावही ठाऊक नाही ते कारण, नाव ठाऊक असलेल्या कारणांसारखेच वागते असे हे गृहीत. ते खरे असेल, खोटेही असेल. तपासायचा मार्ग नाही. आणि जगभर उद्धृत झालेल्या आकड्याचा पाचांतला चार भाग या गृहीतावर उभा आहे.

बाजू दुसरीही आहे

मात्र एवढ्यावरून निबंध टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. १९९९पूर्वी या विषयावरचे अंदाज इतके वेगवेगळे होते की त्यांतून कुणालाच काही ठरवता येत नव्हते. मीड आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक जंतूसाठी कोणता आकडा घेतला, कोणता गुणक लावला आणि का, हे सगळे उघडपणे छापले. मी वर जो हिशेब केला तो त्यामुळेच करता आला. ज्या निबंधातली चूक वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन शोधता येते, तो निबंध चांगल्या विज्ञानाच्या जातीचा असतो. दोष आहे तो निबंधाचा सारांश तेवढा उचलून 'इतके कोटी' म्हणून घोषणा करणाऱ्यांचा. त्यांनी गृहीतके मागे ठेवली आणि आकडा पुढे नेला.

२०११ : घट कुठे झाली?

२०११ साली एलेन स्कॅलन आणि सहकाऱ्यांनी दोन निबंध एकत्र प्रसिद्ध केले. एक ज्ञात ३१ जंतूंवर, दुसरा अज्ञात कारणांवर. ज्ञात जंतूंचे रुग्ण ९४ लाख, अज्ञातांचे ३ कोटी ८४ लाख; मिळून सुमारे ४ कोटी ८० लाख. रुग्णालयात दाखल १ लाख २८ हजार, मृत्यू सुमारे ३,०००.

इथे साल्मोनेलाची ओळ काढून १९९९च्या ओळीशेजारी ठेवा. नोंदी ३७,१७१ वरून ४१,९३० झालेल्या. म्हणजे मोजलेला आकडा वाढला! पण देशाची लोकसंख्याही पावणेसत्तावीस कोटींवरून तीस कोटींच्या घरात गेली होती. भागून पाहिले तर दोन्ही वेळा लाखामागे सुमारे १४ नोंदी. काहीच बदललेले नाही. तरी अन्नातून होणाऱ्या साल्मोनेलाचा अंदाज मात्र १३ लाखांवरून १० लाखांवर आला. का? गुणक ३८ होता तो २९ झाला आणि परदेशात संसर्ग होऊन परतलेल्यांना या वेळी वगळले. जीवाणू होता तिथेच होता. हिशेब सुधारला होता.

ज्ञात जंतूंची एकूण संख्या १ कोटी ४० लाखांवरून ९४ लाखांवर आली, तिचेही असेच. त्यातला मोठा वाटा नोरोव्हायरसचा. हा जीवाणू नाही, विषाणू आहे, पण आकड्यांच्या गर्दीत तोच सर्वांत धिप्पाड. १९९९ साली त्याचे ४० टक्के रुग्ण अन्नातून येतात असे धरले होते. २०११ साली २६ टक्के धरले. तेवढ्याने त्याचे अन्नातून येणारे रुग्ण ९२ लाखांवरून ५५ लाखांवर आले. ०.७९ चेही ०.६० झाले, कारण अधिक मोठ्या पाहण्या हाती आल्या आणि खोकला किंवा घसादुखीसह आलेले जुलाब-उलट्यांचे आजार या वेळी गाळले. अज्ञात कारणांना लावायचे ३६ टक्क्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर उतरले. तीन-चार ठिकाणी गृहीते बदलली आणि २ कोटी ८० लाख आजारी कागदावरून पुसले गेले.

सीडीसीने स्वतः सांगितले होते की या दोन अंदाजांची तुलना करून घट किंवा वाढ ठरवू नका. ते पाहायचे असेल तर फूडनेटच्या वर्षावर्षाच्या नोंदी पाहा. त्या नोंदी निराळीच गोष्ट सांगत होत्या. ई. कोलाय ओ१५७चे रुग्ण १९९०च्या दशकाच्या तुलनेत खरोखरच बरेच कमी झाले होते. साल्मोनेला जिथल्या तिथे होता. म्हणजे एका जीवाणूविरुद्ध केलेले प्रयत्न फळाला आले, दुसऱ्याविरुद्धचे आले नाहीत. धोरण ठरवायला हीच माहिती कामाची. ती छोट्या, कंटाळवाण्या, दर वर्षी त्याच रीतीने केलेल्या मोजणीतून मिळाली, कोटींच्या आकड्यातून नाही.

२०११च्या निबंधाचा मोठा गुण म्हणजे अनिश्चितता झाकलेली नाही. साल्मोनेलाचा अंदाज १०,२७,५६१ असा छापला आहे (सार्थ अंकांची खोड काही गेली नाही!), पण त्याच्या शेजारी ६,४४,७८६ ते १६,७९,६६७ असा पट्टाही आहे. तो पट्टा पाहिला की वाचकाला आपोआप कळते, शेवटच्या '५६१' ला काही अर्थ नाही. विद्यार्थ्यांना अनिश्चितता शिकवायची असेल तर पाठ्यपुस्तकातल्या पट्टीच्या लांबीपेक्षा ही एक ओळ अधिक बोलकी आहे.

इंग्लंडचा आरसा

गुणकावाचून दुसरा मार्गच नाही का? आहे, पण महाग. १९९३ ते १९९६ या काळात इंग्लंडमध्ये ७० डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या यादीतून सुमारे ९,८०० माणसे निवडली आणि त्यांच्यावर आठवड्यामागून आठवडे लक्ष ठेवले. जुलाब झाले की नमुना पाठवायचा. म्हणजे उतरंडीच्या तळातच हात घातला. निष्कर्ष १९९९ सालीच, मीड यांच्या निबंधाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला : राष्ट्रीय नोंदीतल्या एका रुग्णामागे समाजात १३६ रुग्ण. पण जंतूगणिक पाहिले तर साल्मोनेलासाठी हा आकडा फक्त ३.२, कॅम्पायलोबॅक्टरसाठी ७.६ आणि नोरोव्हायरसच्या गटासाठी १,५६२!

एकाच साल्मोनेलासाठी अमेरिकेत ३८ आणि इंग्लंडमध्ये ३.२. कुणाचे चुकले? इंग्लंडच्या पाहणीत साल्मोनेलाचे रुग्ण मोजकेच सापडले, म्हणून ३.२ लाही बरीच अनिश्चितता आहे. तेवढे मान्य करूनही दोन्ही बरोबर असू शकतात. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे जायला पैसे पडत नाहीत. डॉक्टर नमुना कधी मागतो याची रीतही देशोदेशी वेगळी. गुणक हा जीवाणूचा गुणधर्म नाही, तो त्या समाजातल्या दवाखान्यांचा, प्रयोगशाळांचा आणि लोकांच्या सवयींचा गुणधर्म आहे. म्हणून एका देशाचा गुणक दुसऱ्या देशाला लावता येत नाही. एकाच देशातही जुना गुणक कायम चालत नाही.

याचा पडताळा अलीकडे आला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जीवाणू वाढवून न पाहता थेट नमुन्यातली जनुके शोधणाऱ्या चाचण्या सर्रास झाल्या. काही तासांत निकाल मिळतो, अधिक रुग्ण सापडतात. नोंदी वाढतात, पण रोग वाढला असे लगेच म्हणता येत नाही. चाळणीची भोके बदलली आहेत. दुसरी अडचण अशी की जिवंत जीवाणू हाती येत नाही, आणि पल्सनेटला तर तोच हवा असतो. २०१९ पासून पल्सनेट जीवाणूंचा संपूर्ण जनुकसंच वाचून एका गावचा रुग्ण दुसऱ्या गावच्या रुग्णाशी जुळवते. म्हणून झटपट चाचणीनंतरही प्रयोगशाळेला तो जीवाणू मुद्दाम वाढवावा लागतो.

शून्याला कितीने गुणणार?

२०२५ साली तिसरा अंदाज आला. २०१९ या वर्षासाठी, प्रमुख सात जंतूंमुळे ९९ लाख आजारी, ५३,३०० रुग्णालयात दाखल, ९३१ मृत्यू. आता कुणीतरी म्हणणार : २०११ साली ३१ जंतू मिळून ९४ लाख होते, आता सातच मिळून ९९ लाख, म्हणजे परिस्थिती बिघडली! पण आपण आता पट्टा पाहायला शिकलो आहोत. २०११चा पट्टा ६६ लाख ते १ कोटी २७ लाख, २०२५चा ५९ लाख ते १ कोटी ५४ लाख. दोन्ही एकमेकांवर पसरलेले. त्यावरून बिघाडही सिद्ध होत नाही आणि सुधारणाही.

त्याच वर्षी दुसरी एक बातमी आली, तिची चर्चा कमी झाली. जुलै २०२५ पासून फूडनेटने राज्यांवरचे बंधन कमी केले. आधी आठ जंतूंचा सक्रिय पाठपुरावा बंधनकारक होता. आता दोनच, साल्मोनेला आणि शिगा विष तयार करणारे ई. कोलाय. कॅम्पायलोबॅक्टर, लिस्टेरिया, शिगेला, व्हिब्रिओ, येर्सिनिया आणि सायक्लोस्पोरा यांचा पाठपुरावा राज्यांच्या मर्जीवर राहिला. सीडीसीचे म्हणणे असे की या जंतूंवर इतर व्यवस्थांतून लक्ष राहील. ते काही अंशी खरेही आहे. लिस्टेरियासाठी, उदाहरणार्थ, वेगळी यंत्रणा आहे. पण साल्मोनेला कमी झाला नाही हे कशामुळे कळले होते? वर्षानुवर्षे, त्याच ठिकाणी, त्याच रीतीने केलेल्या मोजणीमुळे. ती साखळी तुटली की पुढच्या अंदाजकर्त्यांच्या हाती गुणक राहील, गुणायला आकडा राहणार नाही.

इथे लास व्हेगासचे शून्य आठवावे. अडतीस असो की एकोणतीस, शून्याला कितीनेही गुणा, उत्तर शून्यच. गुणकाच्या पद्धतीची ही खरी मर्यादा आहे. ती कमी नोंदलेले भरून काढते, मुळीच न शोधलेले भरून काढत नाही. न शोधलेल्या रोगाची नोंद आणि नसलेल्या रोगाची नोंद कागदावर अगदी सारखी दिसते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात तीन नमुने भरायचे असतात : लक्षणांवरून आरोग्य कर्मचाऱ्याने एस, निदानाच्या अंदाजावरून डॉक्टरने पी आणि तपासणीवरून प्रयोगशाळेने एल. अन्नविषबाधेच्या आणि जुलाबांच्या साथींची यादी त्यातून तयार होते, आणि हे मोठेच काम आहे. पण साधे जुलाब झालेल्या माणसाचा नमुना घेऊन जीवाणू वाढवून पाहणे आपल्याकडे क्वचितच घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जगाचा अंदाज मांडला : २०१० या वर्षी दूषित अन्नाने ६० कोटी आजारी, ४ लाख २० हजार मृत्यू. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात येतो त्याचा वाटा १५ कोटी आजारी आणि १ लाख ७५ हजार मृत्यू. ज्या देशांची माहिती अपुरी, तिथली पोकळी गणिती प्रतिमानाने भरलेली आहे. तो अंदाज टाकाऊ नाही, पण तो आपल्या दवाखान्यांत मोजलेला आकडा नाही. आपल्यासाठीचा गुणक कुणी दुसरा देश काढून देणार नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांना एक सुचवते. वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायचे नाही. चार प्रश्न : गेल्या चार आठवड्यांत दिवसातून तीन किंवा अधिक वेळा जुलाब, किंवा उलट्या, झाल्या का? झाल्या असल्यास एका दिवसाहून जास्त टिकल्या का, किंवा त्यामुळे शाळा बुडली का? डॉक्टरकडे गेलात का? शौचाचा नमुना तपासायला दिला का? अमेरिकेचा ०.६० हा दर धरला तर ५० मुलांच्या वर्गात दोन-तीन चिठ्ठ्यांवर पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' यायला हवे. तुमच्याकडे किती येतात? घरच्यांची माहिती मिळवली तर आकडे मोठे होतील आणि उतरंड अधिक स्पष्ट दिसेल. मुलांना लाज वाटू नये याची काळजी घ्या. आधी स्वतःची चिठ्ठी डब्यात टाकली की काम सोपे होते.

शेवटच्या प्रश्नाला बहुधा सगळ्या चिठ्ठ्यांवर 'नाही' येईल. मग मुलांना विचारा, आता गुणक किती काढायचा? थोडा वेळ वर्ग शांत राहील. शून्याने भागता येत नाही हे गणिताच्या तासाला पाठ केलेले असते. ते का येत नाही, आणि आपल्या गावात किती माणसे कशामुळे आजारी पडतात हे कुणालाच का सांगता येत नाही, या दोन गोष्टी त्यांना बहुधा त्या दिवशी एकदम कळतील.

त्या लग्नाचे ४० अजून माझ्या डोक्यात आहेत. त्यांना कितीने गुणायचे ते मला आजही सांगता येत नाही. एक नमुना दिला असता तर निदान जीवाणूचे नाव तरी कळले असते.